मे महिन्यातली कानटोपी

मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसला टेकलेला असताना, कानांवर ओढलेली विणीची टोपी घालून तिवस्याच्या बस स्टँडवर उभा राहणारा माणूस वेडा समजला जातो. गुणवंतराव गावंडे मास्तरांना पहिला आठवडाभर लोक तसंच समजले. दुसऱ्या आठवड्यात दोन कंडक्टर आणि एक पानठेलेवाला तशीच टोपी मिळेल का विचारायला त्यांच्या दारात उभे होते.

मास्तरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं मनात होतं, पण दरवेळी सुरुवात त्या टोपीपाशी येऊन अडायची. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपल्याला हसू यावं, हे बरं दिसत नाही असं वाटायचं. आता वाटतं, मास्तरांच्या बाबतीत दुसरा रस्ताच नाही.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल, ते सूतकताईचे निवृत्त शिक्षक. शाळेत सूतकताई हा विषय होता आणि त्याला मार्क असत, हे आजच्या मुलांना थाप वाटते. विषय बंद झाल्यावर मास्तरांना गणित देण्यात आलं. त्यांनी ते इमानेइतबारे शिकवलं, पण टकळी सोडली नाही. बँकेच्या रांगेत, पंगतीत वाढपी येईपर्यंत, मयतीला गेल्यावर लिंबाखाली बसलेल्या माणसांत, सगळीकडे त्यांच्या एका हातात कापसाचा पेळू असे आणि दुसऱ्या हाताखाली टकळी गरगरत असे. कोणी टोकलं तर म्हणत, "हात रिकामा ठेवला का डोकं भलतं काही कराले लागते."

विणायचं त्यांनी बायकोकडून उचललं होतं. ती गेल्यावर तिच्या सुया सापडेनात, तेव्हा त्यांनी सायकलचे आरे काढून टोकं घासली आणि त्यांवर काम भागवलं. सायकल तशीच, आऱ्यांवाचून, अंगणात उभी होती. भंगारवाला आला की मास्तर म्हणत, "ते चालू हाय."

दुसरी सवय चुका दुरुस्त करण्याची. माझ्या वाचनालयात ते लाल पेन घेऊन वर्तमानपत्र वाचत. संध्याकाळी येणाऱ्या वाचकांना बातम्यांवर गोल केलेले, काना मात्रा वाढवलेले, मुख्यमंत्र्यांच्या भाषणाला दहापैकी चार दिलेले दिसत. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मंग चूक पाहून तसंच पुढं जावाचं का?"

घरी त्यांची मोठी बहीण असे, जिजी. लहानपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही. घराचा सगळा कायदा तिच्या हातात. मास्तरांना मुलगा एकच, प्रशांत, पुण्याला नोकरीला. म्हणजे या घरात लेक नव्हती, आणि म्हणून जावईही नव्हता. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

बोंडअळीच्या वर्षीची दिवाळी. प्रशांत घरी आला होता. मास्तर ओसरीवर कातत बसले होते तेव्हा त्याने सांगितलं, की मला मुलगी बघू नका, मी सलीमबरोबर राहतो, तो अकोल्याचा आहे, आणि आम्ही दोघं म्हणजे घरच आहोत. भिंत एकच असल्यामुळे मला हे ऐकू आलं. मग टकळी फरशीवर टेकल्याचा आवाज, आणि मास्तर म्हणाले, "जेवला का तू?"

"बाबा, मी काय सांगून राहिलो..."

"आयकलं. जेवला का म्हनून इचारलं."

जिजीचं बोलणं ऐकायला भिंतीची अडचण कधीच नव्हती. तिचा पहिला आक्षेप धर्माचा असेल असं मला वाटलं होतं, दुसरा लोकांचा. दोन्ही आले, पण उडत उडत. ती खरी अडली ती तिसऱ्यावर. "त्याले मी कोन म्हनू? भाचा म्हनू का भाडेकरू म्हनू? आपल्या घरी बिनानात्याचं मानूस मुक्कामाले राह्यलं हाय का कदी? नातं सांग, मंग आन."

प्रशांतला नातं सांगता आलं नाही. तो म्हणाला, सलीमला घेऊन येता येत नसेल तर मीही येणार नाही. सकाळच्या गाडीने तो गेला.

जाण्याआधी त्याने बापाला फोनवर एक फोटो दाखवला होता. पुण्यातली मिरवणूक, खूप पोरं-पोरी, आणि मधोमध रंगीत पट्ट्यांचा झेंडा धरलेले हे दोघं. मास्तरांनी चष्मा वर करून पट्टे मोजले.

"सहाच हायेत."

"सहाच असतात, बाबा."

"इंद्रधनुष्याले सात असतात. एक गायब हाय."

"झेंडा तसाच आहे. जगभर."

"जगभर चुकला असन."

त्या हिवाळ्यात आमच्याकडे कापूस होता आणि नव्हता. बोंडं फुटली ती अर्धी, पिवळी पडलेली, आत अळी. असल्या डागी कापसाला इकडे कवडी म्हणतात. व्यापारी हात लावत नव्हते. लोक रागाने उभ्या पिकात गुरं सोडत होते. मास्तरांनी आपल्या चार एकरांतली कवडी वेचून घरी आणली आणि माजघरात भरून ठेवली. जिजीने विचारलं, हा कचरा काहून? ते म्हणाले, "कातनार."

पंचनामा करायला साहेब आले तोवर त्यांची पहिली टोपी विणून झाली होती. साहेबांनी विचारलं, "मास्तर, नुकसान झालेला कापूस कुठं आहे?"

"डोक्यावर."

साहेबांना हा टोमणा वाटला. मास्तरांनी टोपी काढून त्यांच्या हातात दिली, डाग कुठल्या रंगाखाली लपले ते दाखवलं. हिवाळा होता, जीपला काच नव्हती. पंचनाम्यात काय लिहिलं गेलं मला माहीत नाही, पण साहेब टोपी घालून गेले.

पुढे पुण्याची एक पत्रकार मुलगी आली होती. तिला मास्तरांच्या कामात मोठा अर्थ दिसला. बाजाराने नाकारलेला कापूस, समाजाने नाकारलेली माणसं, असं काहीतरी ती म्हणाली. मास्तरांनी शांतपणे ऐकलं. "तसं नाई बाई," ते म्हणाले, "घरात पडून होता."

रंग बाजारातल्या पुड्यांचे. ते उकळायला त्यांनी जिजीचं वरणाचं जर्मनचं पातेलं घेतलं. पुढे कित्येक दिवस त्या घरचं वरण फिकट वांगी रंगाचं होतं. मी ते खाल्लं आहे. चवीत फरक नव्हता.

पण कातण्याआधी कापूस पिंजावा लागतो, आणि पिंजण्यासाठी मास्तर गोणी घेऊन अकोल्याला जाऊ लागले. आधी बसने अमरावती, मग बडनेऱ्याहून रेल्वे. जिजी ओरडे, "अमरावतीतले गादीवाले मेले का सारे?" मास्तर म्हणत, अकोल्याची पिंजाई मऊ असते. खरं कारण असं, की सलीमचे वडील हनीफभाई यांचं अकोल्यात गाद्यांचं दुकान होतं, आणि तेही त्या दिवाळीपासून मुलाशी बोलत नव्हते.

एका खेपेला मीही बरोबर होतो. दुकानात मशीन धडधडत होतं, हवेत कापूस तरंगत होता. हनीफभाई मास्तरांपेक्षा बुटके, दाढीत रुई अडकलेली. त्यांनी गोणीत हात घालून मूठभर कवडी काढली. "मास्तर, इसमें रुई कम, कीड़े का कुनबा ज्यादा है."

"होऊ द्या. तुमी पिंजा."

चहा आला. मास्तर उन्हाचं बोलले, गाद्यांचं बोलले, फोमच्या गाद्यांनी कंबर कशी मोडते ते बोलले. मुख्य गोष्टीच्या आसपास त्यांनी चार फेऱ्या मारल्या आणि दरवेळी टकळीकडे परत आले. शेवटी हनीफभाईंनीच मशीन बंद केलं.

"मास्तर, तुमी प्रशांतचे अब्बा न? मले पहिल्या दिवशीच समजलं. नाक तेच हाय."

मास्तरांनी नाकाला हात लावला. जणू ते घरी विसरून यायला हवं होतं.

"देखो," हनीफभाई म्हणाले, "जो हुआ सो हुआ. पर एक बात साफ रहनी चाहिए. लडकेवाले हम है."

"ते कसे काय?" मास्तर ताठ झाले. "माहा पोरगा मुलगाच होय. मुलाकडचे आमी."

"तो क्या मेरा लडका लडकी है?"

"मी कुठं म्हनलं? पन मान आमचा."

आतापर्यंत ज्या संबंधाचं नाव दोघांच्याही तोंडून निघत नव्हतं, त्या संबंधात वरपक्ष कोण, यावर ते दोघं पाऊण तास भांडले. दोघांनाही मुलीकडचं व्हायचं नव्हतं. गादी घ्यायला आलेलं एक जोडपं उभं राहून ऐकत होतं. त्यातल्या बाईने मध्येच मास्तरांची बाजू घेतली. निकाल लागला नाही. निघताना हनीफभाईंनी पिंजाई घेतली नाही, कारण "होनेवाली रिश्तेदारी में पैसे नहीं लेते," आणि मास्तर त्यावर चिडले, कारण उपकाराखाली असतात ते मुलीकडचे, आणि आता ते उपकाराखाली आले. रेल्वेत ते टकळी फिरवत बसले. बडनेरा आल्यावर म्हणाले, "मानूस बरा हाय. हट्टी हाय."

त्या वर्षी अधिक महिना ऐन मेमध्ये आला. धोंड्याचा महिना. घरोघर जावयांना बोलावणं जातं, अनारसे होतात, लेक-जावयाला पाटावर बसवून वाण देतात. जिजीने जन्मभर दुसऱ्यांच्या जावयांची धोंडे-जेवणं पाहिली होती. कोणाचे अनारसे वातड झाले, कोणी जावयाला हलकं धोतर दिलं, याची तिला वर्षानुवर्षं आठवण असे. तिच्या स्वतःच्या हातचे अनारसे गावात एक नंबर, पण खायला जावई नाही. ती ते डब्यात भरून शेजारी वाटायची, आणि माझ्या घरी देताना दरवेळी म्हणायची, "घ्या. आमच्याकडं कोन येते?"

तो महिना लागायच्या आदल्या दिवशी मास्तर कातता कातता सहज म्हणाले, "जिजे, तू नातं इचारत होती न? मी इचार केला. जावई म्हन."

भिंतीपलीकडे जिजीने हातातलं सूप खाली टेकवल्याचा आवाज आला.

"कोनाचा जावई?"

"आपला."

"पन पोट्टा त आपला हाय. त जावई कसा?"

"मंग सून म्हन."

"मुसलमानाचं दाढीवालं पोट्टं, अन् सून म्हनू? लोक काय म्हनतीन!"

"म्हनूनच त जावई म्हन म्हनतो."

जिजी उठल्याचा आवाज आला. मग डबा उघडल्याचा. मग ती म्हणाली, "तांदूळ आजच भिजू घाला लागतीन. तीन दिवस लागते त्याले. हे आधी सांगता नाई येत का?"

इकडे टोप्यांचं निराळंच चाललं होतं. मार्चमध्ये सगळ्यांनी कानटोप्या उतरवल्या, मास्तरांनी उतरवली नाही. माझ्याकडे त्यांनी कारण सांगितलं होतं: पोराने झेंडा हातात धरला, आपल्याला झेंडा धरून फिरता येत नाही, टोपी घालता येते. आणि बोलण्याचं काय? ते म्हणाले, "बोलाले जीभ उचलत नाई. रंग दिसले म्हंजे झालं." त्यांची टोपी सात रंगांची होती. सातवा त्यांनी आपल्या अधिकारात भरला होता.

मेच्या उन्हात ते टोपी स्टँडवरच्या नळाखाली भिजवत आणि घालत. सुती विणीत पाणी बराच वेळ टिकतं. भास्कर कंडक्टरने एकदा मागून घालून पाहिली आणि नागपूरहून परत आल्यावर जाहीर केलं, की डोक्यावर माठ ठेवल्यासारखं वाटते. मग मागणी सुरू झाली. मास्तर आणि जिजी दोघं विणायला बसले. गल्लीतल्या दोन बायका हाताशी आल्या. महिनाअखेरीस स्टँडवर पाच-सहा कंडक्टर, पानठेलेवाला, संत्र्याचा गाडीवाला, ऑटोवाले आणि एक हवालदार इंद्रधनुष्याच्या टोप्या घालून ठिबकत होते. कशाचे रंग आहेत, कोणी विचारलं नाही. एकाने मात्र तक्रार केली की आपल्या पक्षाचा रंग खाली टाकला. मास्तरांनी त्याची टोपी उलटी विणून दिली.

मग रविवारच्या पुरवणीत पुण्याच्या त्या मिरवणुकीचा जुना फोटो छापून आला. फोटोखाली झेंड्याचा अर्थही दिला होता. वाचनालयातला तो अंक दुपारपर्यंत हातोहात फिरून मऊ झाला. दुसऱ्या दिवशी स्टँडवर एकही टोपी नव्हती. मास्तर एकटे नळाखाली आपली भिजवत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. ते मला म्हणाले, "सहा रंग छापले त्याईनं. मी पेपरात सातवा काढून ठेवला हाय, पुसू नोका."

त्या दिवशी पारा आणखी चढला. दुपारी दोनच्या सुमारास भास्कर कंडक्टर गाडीतून उतरला, आजूबाजूला पाहिलं, खिशातून टोपी काढली, भिजवली आणि घातली.

ऑटोवाला ओरडला, "काय भास्करभाऊ, तुमी बी त्यातले का?"

"निशान कोनाचं बी असो बे," भास्कर म्हणाला, "डोकं त माहं हाय."

चारपर्यंत हवालदारासकट सगळ्या टोप्या परत आल्या होत्या.

धोंड्याचं बोलावणं दोघांनाही गेलं होतं; त्या आठवड्यात पोरं आली. बसच्या पायरीवर प्रशांत उभाच राहिला. समोर सगळं स्टँड त्या रंगांत. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना सांगितलं?"

"नाई. ऊन लागू नये म्हनून घालतात."

प्रशांत हसायला लागला. सलीम आधीच हसत होता. तेवढ्यात भास्करने गाडीतून वाकून विचारलं, "मास्तर, हे पाव्हने कोन?"

मास्तरांचा हात टकळीवर गेला. ते म्हणाले, "अकोल्याचे."

प्रशांतचं हसू थांबलं. दाराशी तो एवढंच म्हणाला, "टोप्या घातल्या सगळ्यांना, बाबा. पण तोंडानं एकदा सांगितलं असतं, तर मला टोपी नको होती."

आत जिजी पाट मांडून तयार होती. तिने गल्लीतल्या सगळ्या बायका बोलावल्या होत्या, कारण इतक्या वर्षांनी आलेला जावई दाखवल्याशिवाय कसा राहील? तिने सलीमचे पाय धुतले. "जावई पातळ हायेत, पन खातीन चांगले," असं मोठ्याने सांगितलं. हनीफभाई अकोल्याहून एक दुहेरी गादी टेम्पोत टाकून घेऊन आले. देणंघेणं मुलीकडचे करतात हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं, पण गादी परत नेता येईना. मुलाशी ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "इसके ऊपर पानी मत गिरा." सलीम मान खाली घालून हो म्हणाला आणि गादीचं एक टोक धरलं.

मास्तरांनी सलीमला वाण म्हणून पूर्ण बाह्यांचं स्वेटर दिलं. सात रंगांचं. सत्तेचाळीस डिग्रीत त्याने ते अंगात घातलं आणि अनारसा संपेपर्यंत काढलं नाही. प्रशांतचं स्वेटर सहा रंगांचं होतं. मास्तर म्हणाले, "तुले तुहं बरोबर वाटते, तुले सहा." पण बाहेर, चारचौघांत, ते नातं त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि पोरं गेली तेव्हा ते न बोललेलं तसंच मध्ये राहिलं.

मी त्यांना स्टँडवर शेवटचं पाहिलं ते डिसेंबरात. थंडी अशी, की ऑटोवाले टायर जाळून शेकत होते. सगळ्यांनी कानटोप्या घातल्या होत्या, तेच रंग, आता जरा विटलेले. मास्तर मात्र बोडक्या डोक्याने उभे होते.

"मास्तर, टोपी?" मी विचारलं.

"घरी ठुली," ते म्हणाले. "आज बोलाचं हाय."

अमरावतीची गाडी आली. भास्करचीच. आधी सलीम उतरला, अंगात ते स्वेटर, हातात दोन पिशव्या, मागून प्रशांत. भास्करने घंटीची दोरी धरूनच विचारलं, त्याला खरंच आठवत नव्हतं, "मास्तर, हे पाव्हने कोन?"

मास्तरांनी घसा साफ केला आणि मागच्या बाकापर्यंत पोचावं अशा आवाजात, चाळीस पोरांच्या वर्गाला सांगावं तसं, म्हणाले, "हे माहे जावई. प्रशांतचे. सलीमराव."

टायरजवळची माणसं वळून बघू लागली. हवालदारही.

"मंग चहा तुमच्याकडून," भास्कर म्हणाला, आणि घंटी मारली.

प्रशांतने पाठ फिरवली आणि बराच वेळ बसचं वेळापत्रक वाचलं. ते बोर्डावरून केव्हाच पुसलं गेलं होतं.

जावयाला ओझं उचलू देत नाहीत. मास्तरांनी सलीमच्या हातातल्या दोन्ही पिशव्या काढून घेतल्या. तो नको नको म्हणत राहिला. धुक्यातून तिघं घराकडे चालले, पुढे मास्तर, बोडके, दोन्ही हातांत पिशव्या. टकळी त्यांनी दातांत धरली होती.